पुन्हा काढलेले चित्र

गेल्या स्नेहसंमेलनाच्या वेळी आपल्या विद्यालयाच्या व्हरांड्यात मुलांचे एक प्रदर्शन भरले होते. विषय होता, ‘जगप्रसिद्ध चित्रे : आमच्या नजरेतून’. मुलांना दहा-बारा नामांकित चित्रांच्या रंगीत प्रती दाखवण्यात आल्या होत्या. सूचना एवढीच होती की, यांतले एक चित्र निवडा, ते नीट पाहा आणि मग आपल्या वसतिगृहातल्या व गावातल्या वस्तू आणि माणसे घेऊन ते पुन्हा रचा. कोणी रंगवले, कोणी कागद कापून चिकटवले, कोणी स्वतःच वेश करून उभे राहिले आणि त्याचे छायाचित्र काढून घेतले. वसतिगृहाची घोंगडी नेपोलियनचा झगा झाली. एका मुलीने निळा पंचा डोक्याला गुंडाळला, कानाला लसणाची पाकळी अडकवली आणि डच चित्रकार व्हर्मीरची मोत्याचे कर्णभूषण घातलेली तरुणी साकारली. पाहुणे हसत होते, मुलेही हसत होती.

त्या गर्दीत विद्यालयाचे एक ज्येष्ठ हितचिंतक माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “सर, हा पोरखेळ कशासाठी? आपल्या मुलांना अजून किती पल्ला गाठायचा आहे! या वेळात गणिताचे चार तास जास्त झाले असते.” त्यांच्या स्वरात टीका नव्हती, काळजी होती. त्यामुळे मला त्यांना तेथल्या तेथे उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख हे त्यांच्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर आहे. त्यात माझ्या स्वतःच्या एका चुकीची कबुलीही आहे, ती ओघाने येईल.

मी इतिहासाचा शिक्षक आहे, चित्रकलेचा नाही. म्हणून इतिहासापासूनच सुरुवात करतो. प्रसिद्ध चित्र पुन्हा काढणे, त्यात बदल करणे, त्याची थट्टा करणे हा खेळ मुलांनी शोधलेला नाही. लिओनार्दो दा विंची याने १५०३ च्या सुमारास ‘मोनालिसा’ रंगवायला घेतली. आज पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात ती काचेआड आहे आणि तिच्यासमोर रोज हजारोंची रीघ लागते. १९१९ मध्ये मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलावंताने मोनालिसाचे एक साधे पोस्टकार्ड घेतले आणि पेन्सिलीने तिला मिशा व टोकदार दाढी काढली. एवढेच. वरवर पाहता हा शाळकरी मुलाचा खोडसाळपणा होता. पाठ्यपुस्तकातल्या राजा-महाराजांना मिशा काढल्याबद्दल मी स्वतः कितीतरी मुलांना रागावलो आहे. परंतु त्या मिशांनी एक गंभीर प्रश्न विचारला होता : आपण या चित्राला नमस्कार करतो तो ते पाहून, की इतर सगळे करतात म्हणून?

पुढे कोलंबियाचा फर्नांदो बोतेरो याने १९५९ मध्ये बारा वर्षांची, गुबगुबीत गालांची मोनालिसा रंगवली. पिकासोने १९५७ मध्ये काही महिने स्वतःला कोंडून घेऊन व्हेलास्केझच्या ‘लास मेनिनास’ या १६५६ मधील स्पॅनिश राजदरबाराच्या चित्राचा ध्यास घेतला आणि त्यातून ५८ चित्रांची मालिका निर्माण झाली. मूळ चित्रात पुढच्या बाजूला एक भलामोठा रुबाबदार कुत्रा बसलेला आहे. पिकासोने त्याच्या जागी आपल्या घरचा लांबुळका, आखूड पायांचा कुत्रा बसवला. राजदरबारात घरचे कुत्रे शिरले आणि दरबाराचा दरारा थोडा उतरला. हे सांगितल्यावर वर्गात हशा पिकतो. त्यानंतर मात्र मुले मूळ चित्र अधिक बारकाईने पाहतात. आरशात कोण दिसते, दारात कोण उभे आहे, चित्रकार स्वतः कोठे आहे, हे प्रश्न मग त्यांचे तेच विचारू लागतात.

पुनर्रचनेचा पहिला लाभ हाच आहे. आपल्याला एखादे चित्र पुन्हा काढायचे आहे असे कळले की डोळा जागा होतो. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८७ मध्ये जपानी कलावंत हिरोशिगे याचे पावसातल्या पुलाचे चित्र तैलरंगांत उतरवले. पुढे रुग्णालयात असताना त्याने मिये या चित्रकाराच्या शेतकऱ्यांची व मजुरांची चित्रे काळ्या-पांढऱ्या प्रतींवरून स्वतःच्या रंगांत रंगवली. एखाद्या संगीतकाराची रचना दुसऱ्या वादकाने आपल्या ढंगात वाजवावी तसे हे आहे, अशी त्याची भावना होती. आपल्याकडच्या गायन पार्ट्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. चाल तीच असते, पण प्रत्येक शाहिराच्या गळ्यातून भीमगीत निराळे होऊन येते. त्याला आपण नक्कल म्हणत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत जगभरची संग्रहालये बंद पडली तेव्हा अमेरिकेतील गेटी संग्रहालयाने लोकांना आवाहन केले होते की, घरातल्या तीन वस्तू घ्या आणि एखादी प्रसिद्ध कलाकृती घरीच साकारा. असंख्य कुटुंबांनी चादरी, भांडी, भाजीपाला, पाळीव प्राणी घेऊन ती गंमत केली. ज्यांनी आयुष्यात संग्रहालयाची पायरी चढली नव्हती त्यांनीही त्या दिवसांत एखादे चित्र तासभर न्याहाळले असेल. आपल्या व्हरांड्यातील प्रदर्शनाची कल्पना तेथूनच आली होती. आपल्या मुलांजवळ चादरी कमी आणि घोंगड्या जास्त, एवढाच काय तो फरक.

आता इतिहासाच्या शिक्षकाला हा खेळ का हवा, ते सांगतो. जाक-लुई दाव्हिद याने १८०१ मध्ये आल्प्स ओलांडणाऱ्या नेपोलियनचे चित्र पूर्ण केले. उसळलेला घोडा, वाऱ्यावर फडफडणारा झगा, शिखराकडे रोखलेला हात. नेपोलियनविषयीच्या कितीतरी पुस्तकांतून ते छापलेले आहे. प्रत्यक्षात नेपोलियनने १८०० मध्ये तो घाट ओलांडला तो एका खेचरावर बसून. पुढे सुमारे अर्धशतकाने पॉल देलारोश याने तेच दृश्य पुन्हा रंगवले आणि त्यात थंडीने आखडलेला, थकलेला सेनापती खेचरावर बसवला. २००५ मध्ये केहिंदे वायली या कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकाराने दाव्हिदचा तोच उसळलेला घोडा घेतला आणि त्यावर आजच्या कपड्यांतला, पायात मजुरी करताना घालतात तसे बूट असलेला एक कृष्णवर्णीय तरुण बसवला. ही तिन्ही चित्रे शेजारी-शेजारी ठेवली की नववीच्या मुलाला जे कळते, ते माझ्या दहा व्याख्यानांनी कळत नाही. घोड्यावर कोणाला बसवायचे हे कोणीतरी ठरवत असते. खेचराचा घोडा कसा होतो, ही इतिहासलेखनाची सगळ्यांत जुनी कथा आहे. आणि घोड्यावर बसण्याचा प्रश्न आपल्याला काही परका नाही. लग्नाच्या वरातीत आपला नवरदेव घोड्यावर बसला म्हणून दगडफेक झाल्याच्या बातम्या या देशात आजही छापून येतात. वायलीचे चित्र पाहून आमच्या एका मुलाने कोणतेही स्पष्टीकरण न मागता मान डोलावली, ती त्यामुळेच.

दुसरे उदाहरण मला याहून जवळचे वाटते. ग्रँट वुड या अमेरिकन चित्रकाराने १९३० मध्ये ‘अमेरिकन गॉथिक’ नावाचे चित्र रंगवले. एका पांढऱ्या लाकडी घरासमोर एक गोरा शेतकरी आणि त्याच्या शेजारी एक स्त्री उभी आहे. शेतकऱ्याच्या हातात गवत उचलण्याचा तीन दातांचा काटा आहे. कष्टाळू, सरळमार्गी अमेरिकेचे प्रतीक म्हणून ते गाजले. १९४२ मध्ये गॉर्डन पार्क्स हा कृष्णवर्णीय छायाचित्रकार नोकरीसाठी वॉशिंग्टनला आला. राजधानीतल्या दुकानांत आणि उपाहारगृहांत त्याला रंगामुळे अपमान सोसावे लागले. तो ज्या सरकारी इमारतीत काम करीत होता तेथे एला वॉटसन नावाची स्त्री साफसफाई करीत असे. पार्क्सने तिला राष्ट्रध्वजासमोर उभे केले, एका बाजूला झाडू, दुसऱ्या बाजूला पुसणे, आणि वुडच्या चित्राची आठवण करून देणारे छायाचित्र टिपले. त्याचे नावही ‘अमेरिकन गॉथिक’ असेच झाले. मांडणी तीच, सरळ रोखलेली नजर तीच. फक्त हातातले अवजार बदलले आणि सबंध देशाला जाब विचारला गेला. ज्या ध्वजाखाली सर्व समान आहेत म्हणतात, त्याच्यासमोर ही बाई झाडू घेऊन का उभी आहे?

हे छायाचित्र निघाले त्यानंतर चार वर्षांनी, १९४६ मध्ये, बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहून अस्पृश्यांच्या आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला होता. झाडू हातात देणारी व्यवस्था आणि त्या झाडूकडे ताठ मानेने पाहायला शिकवणारी कला, या दोन्ही गोष्टी समुद्रापलीकडेही होत्या.

आमच्या व्हरांड्यातील प्रदर्शनात एक मोनालिसा होती. आठवीतल्या मुलीने ती काढली होती. डोक्यावर पदर, अंगावर विटके लुगडे, एकावर एक ठेवलेले हात मूळ चित्रातल्यासारखेच. पण त्या हातांखाली मांडीवर आडवा कोयता. मागे लिओनार्दोच्या डोंगरदऱ्यांच्या जागी उसाचा फड आणि फडाच्या कडेला पाचटाची कोपी. चित्राखाली तिने नाव लिहिले होते, ‘अर्धा कोयता’. ऊसतोडीचा व्यवहार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुकादम उचल देतो ती नवरा-बायकोच्या जोडीला. त्या जोडीला म्हणतात एक कोयता. एकटे माणूस म्हणजे अर्धा कोयता. त्या मुलीची आई एकटी फडावर जाते.

पोरखेळ म्हणून विचारणाऱ्या आमच्या हितचिंतकांना मी त्या चित्रासमोर नेऊन उभे करायला हवे होते. जगातली सर्वांत प्रसिद्ध स्त्री घेऊन तिच्या जागी आपली आई बसवण्याचे धैर्य त्या मुलीला त्या खेळाने दिले. आईचे चित्र काढा असे सांगितले असते तर तिने बहुधा पुस्तकातली आई काढली असती, गोरीपान, स्वयंपाकघरात उभी असलेली. मोनालिसाने तिला बसायची ऐट दिली आणि तिने मोनालिसाला कोयता दिला.

परकी उदाहरणे झाली. आता घरची परंपरा पाहू. बौद्ध कलेचा इतिहास म्हणजे पुन्हा पुन्हा काढलेल्या चित्रांचा इतिहास आहे. सांची आणि भारहूतच्या शिल्पांत तथागतांची मानवी मूर्ती आढळत नाही. बोधिवृक्ष, रिकामे आसन, पाऊलखुणा, धम्मचक्र एवढ्यांतून त्यांचे अस्तित्व दाखवलेले आहे. पुढे गांधारमध्ये मूर्ती घडली तेव्हा तिच्या चीवराला ग्रीक वस्त्रांच्या चुण्या आल्या. मथुरेची मूर्ती भरदार देहाची, सारनाथची अंतर्मुख. धम्म जेथे जेथे गेला तेथे बुद्धांना तेथल्या माणसांचा चेहरा मिळाला, चीनमध्ये चिनी, थायलंडमध्ये थाई. यांतले खरे कोणते, असा वाद कोणी घातला नाही. प्रत्येकाने आपल्या मातीतून बुद्ध पुन्हा घडवले.

आणि घडवणारे कोण होते? सांचीच्या दक्षिण तोरणावर एक छोटा लेख आहे. त्यात म्हटले आहे की, हे कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंतावर काम करणाऱ्या कारागिरांनी केले. कार्ले येथील लेण्यात धेनुकाकटच्या एका सुताराचे नाव दरवाजाच्या कामाशी जोडून कोरलेले आहे. ज्या समाजरचनेने हाताने काम करणाऱ्याला पुढे हीन ठरवले, त्याच भूमीवर दोन हजार वर्षांपूर्वी कारागिराने दगडावर आपली ओळख सन्मानाने कोरली होती. आपल्या मुलांच्या हातात कुंचला देणे म्हणजे त्यांना काही नवीन देणे नव्हे. त्यांचे होते ते परत करणे आहे.

अजिंठ्याचेच पाहा. १८४४ नंतर रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने अनेक वर्षे तेथे राहून भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा प्रती केल्या. त्यांतल्याही कित्येक आगीत गेल्या. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांनी तिसऱ्यांदा काम हाती घेतले तेव्हा त्यांच्या मदतीला आलेल्या तरुणांत नंदलाल बोस होते. अजिंठ्याच्या भिंतीसमोर उभे राहून त्या रेषा गिरवत त्यांचा हात घडला. त्याच नंदलाल बोस यांनी शांतिनिकेतनमधील आपल्या सहकाऱ्यांसह भारतीय संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत सजवली, आणि त्या प्रतीत बुद्धांच्या जीवनातील प्रसंगही आहे. अजिंठ्याच्या भिंतीवरची रेषा एका विद्यार्थ्याच्या वहीतून संविधानाच्या पानापर्यंत पोहोचली. प्रती काढण्यात वेळ घालवू नका असे त्या तरुणाला कोणी सांगितले असते तर?

विचारांच्या क्षेत्रात तर पुनर्रचना हाच आपला वारसा आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहून अवतारांच्या कथा उलट्या बाजूने वाचून दाखवल्या आणि बळीराजाला पाताळातून वर आणले. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गृहत्यागाचे पिढ्यान्‌पिढ्या रंगवले गेलेले चित्र तपासले. वृद्ध, रोगी आणि मृत माणूस सिद्धार्थाला एकोणतिसाव्या वर्षापर्यंत दिसलाच नसेल, हे त्यांच्या बुद्धीला पटले नाही. त्यांनी त्या जागी शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा ठेवला. प्रसिद्ध चित्र समोर ठेवून, ‘हे असेच असेल का?’ असे विचारणे आणि मग ते पुन्हा काढणे, हे आपल्या उद्धारकर्त्याने स्वतः करून दाखवले आहे. त्यांनी व्हायोलिनचे धडे घेतले, चित्रकलाही हाताळली, हे आपण कौतुकाने सांगतो. मग त्यांच्या नावाने चालणाऱ्या शाळांत रंगपेटी अडगळीच्या खोलीत का?

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. चित्राशी खेळायला शिकवाल तर मुले उद्या आपल्या श्रद्धास्थानांशीही खेळतील, मग काय करणार? २०१२ च्या मे महिन्यातला वाद अनेकांना आठवत असेल. अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात शंकर यांचे १९४९ मधील एक व्यंगचित्र छापलेले होते. संविधानरूपी गोगलगायीवर बाबासाहेब बसलेले आणि मागे चाबूक उगारलेले पंडित नेहरू. संसदेत गदारोळ झाला, व्यंगचित्र काढून टाकण्यात आले, दोन सल्लागारांनी राजीनामे दिले, त्यांपैकी एकाच्या पुण्यातील कार्यालयाची मोडतोडही झाली. मोडतोड मला तेव्हाही मान्य नव्हती, आजही नाही. बाबासाहेबांच्या अनुयायाचे हत्यार लेखणी आहे. तथापि ज्यांना ते चित्र बोचले त्यांची वेदना खोटी होती असे म्हणायला मी तयार नाही. उन्नामती श्याम सुंदर यांनी १९३२ ते १९५६ या काळातील बाबासाहेबांवरची शंभराहून अधिक व्यंगचित्रे एकत्र करून २०१९ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. ती एका ओळीने पाहिली की समजते, ज्यांच्या हातात वृत्तपत्रे होती त्यांच्या हातात हसण्याचा मक्ताही होता.

म्हणून मुलांना मी एक कसोटी सांगतो. हसू खालून वर जाते आहे की वरून खाली येते आहे, ते पाहा. द्युशाँने मिशा काढल्या त्या जगाने डोक्यावर घेतलेल्या चित्राला. पार्क्सने जाब विचारला तो सत्तेला. दुबळ्याला आणखी खाली ढकलणारे हसू ही कला नव्हे, ती गावकीची जुनी सवय आहे. ही कसोटी कोण शिकवणार? ज्याने चित्र वाचायला शिकवले तोच. चित्र वाचता न येणारा माणूस एक तर सगळ्या चित्रांपुढे मान तुकवतो किंवा सगळ्या चित्रांवर चिडतो. आज हातातल्या मोबाइलवर रोज शेकडो चित्रे येतात, त्यांतली कित्येक खोटी असतात, दोन समाजांत आग लावण्यासाठी बनवलेली असतात. अशा काळात चित्रवाचन ही चैन राहिलेली नाही.

आता माझ्या चुकीविषयी. त्याच प्रदर्शनात नववीच्या एका मुलाने बाबासाहेबांचे चित्र काढले होते. रात्रीची वेळ, वसतिगृहाची खोली, ओळीने झोपलेली मुले. बाबासाहेब चटईवर मांडी घालून बसलेले, बाह्या दुमडलेल्या, चष्मा नाकावर घसरलेला, आणि समोर बसलेल्या मुलाची वही ते तपासत आहेत. अंगावर कोट नाही. प्रदर्शन पाहायला आलेल्या एका ज्येष्ठ उपासकांना ते खटकले. “बाबासाहेबांचा कोट कुठे आहे?” असे त्यांनी दुखावल्या स्वरात विचारले. मी वाद नको म्हणून ते चित्र उतरवले आणि कपाटात ठेवले. त्या मुलाला विचारलेसुद्धा नाही.

त्या उपासकांचे चुकले असे मी म्हणणार नाही. आमच्या पिढीला तो निळा कोट म्हणजे केवळ पोशाख नाही. ज्यांना चांगले कपडे घालायला बंदी होती, त्यांच्या वतीने तो कोट बोलतो. पुतळ्याची विटंबना झाली की कोणत्या जखमा उघड्या होतात, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले आहे. चुकले माझे. संध्याकाळी तो मुलगा आला आणि खाली मान घालून म्हणाला, “सर, कोट आहे. भिंतीवर खुंटीला आहे. बाबासाहेब मुक्कामाला आलेत ना, म्हणून काढून ठेवलाय.” मी कपाट उघडून चित्र बाहेर काढले. खरोखरच डाव्या कोपऱ्यात, खुंटीवर, निळा कोट नीट टांगलेला होता. खिशाला पेनही होते. मी ते पाहिलेच नव्हते. ज्या मुलांना मी ‘नीट पाहा’ म्हणून सांगत होतो, त्यांच्यातल्या एकाने त्याच्या शिक्षकापेक्षा अधिक नीट पाहिले होते. दुसऱ्या दिवशी चित्र परत लावले, पण तोवर पाहुणे निघून गेले होते.

त्या उपासकांना मी नंतर घरी जाऊन ती खुंटी सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “म्हणजे पोराच्या मनात बाबासाहेब राहायला आलेत.” यापेक्षा चांगले रसग्रहण मला करता आले नसते.

कलाशिक्षणाची व्यावहारिक बाजूही थोडक्यात मांडतो, कारण पालकांची चिंता रास्त आहे. शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, उत्तीर्ण होणाऱ्यांना दहावीला वाढीव गुण मिळतात. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेची स्थापना १८५७ ची, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही शासकीय कला महाविद्यालये आहेत. तेथून पुढे उपयोजित कला, वस्त्रसंकल्पन, पुस्तकसजावट, अॅनिमेशन असे अनेक मार्ग निघतात. आपली किती मुले तेथवर जातात, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला. त्याने सहावी ते आठवीसाठी, पटसंख्या शंभरावर असेल तेथे, कलाशिक्षणाकरिता अंशकालीन निदेशकाची तरतूद केली. कागदावर तरतूद आहे. अनेक शाळांत मात्र चित्रकलेचा तास हा परीक्षा जवळ आली की सर्वप्रथम बळी जाणारा तास आहे. मी स्वतः असे कितीतरी तास इतिहासाचा अभ्यासक्रम पुरा करण्यासाठी मागून घेतले आहेत. तेव्हा हा आरोप प्रथम माझ्यावरच आहे.

पण गुण आणि नोकरी हे माझे मुख्य कारण नाही. मी सहावीत असताना रंगपेटी नाही म्हणून चित्रकलेच्या तासाला वर्गाबाहेर उभा राहत असे. काही दिवसांनी उभे राहण्याचीही सवय झाली आणि चित्र हा आपला प्रांत नव्हे, हे मनाने घेतले. पुढे एम.ए.ला अजिंठ्यावर शिकताना सनावळ्या पाठ होत्या, परंतु पहिल्या लेण्यातील पद्मपाणीसमोर उभा राहिलो तेव्हा काय पाहायचे तेच कळेना. गरिबीने माझी पोळी हिरावली हे मला लहानपणीच समजले होते. तिने माझे डोळेही हिरावले होते, हे समजायला पंचवीस वर्षे लागली. आपल्या मुलांच्या बाबतीत हे होऊ नये.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने काही मागणी करतो. व्यवस्थापनाने चित्रकलेचा तास परीक्षेच्या महिन्यातही अबाधित ठेवावा आणि एक खोली कायमची चित्रांसाठी द्यावी. माजी विद्यार्थी दरवर्षी मोठ्या मनाने देणगी देतात. पुढच्या वेळी कमानीऐवजी कागद, रंग आणि चांगल्या छापाई असलेली चित्रांची पुस्तके द्यावीत. अजिंठा-वेरूळची सहल जावी, पण प्रत्येक मुलाच्या हातात चित्रवही असावी आणि निदान एका लेण्यासमोर पूर्ण एक तास बसावे. आणि पालकांना विनंती अशी की, मूल सुटीत घरी आले आणि त्याने आपले चित्र दाखवले, तर ‘किती गुण मिळाले?’ असे आधी विचारू नये. ‘हे कसे सुचले?’ असे विचारावे.

त्या मुलाच्या परवानगीने ते चित्र आता ग्रंथालयात, वाचनाच्या टेबलासमोर लावले आहे. स्मरणिकेच्या प्रकाशनाला आपण सर्वजण येणार आहात. वाट वाकडी करून ते जरूर पाहा आणि कोणी दाखवण्यापूर्वी खुंटी शोधा.